बिबट्या पकडून दूर सोडला, तर प्रश्न सुटेल का?

प्रश्न : आमच्या वस्तीभोवती ऊस आहे. बिबट्याने गोठ्यातले वासरू नेले. वाट चुकून आलेल्या अशा जनावराला पकडून दूरच्या जंगलात का सोडत नाहीत?
— एक शेतकरी, जुन्नर तालुका

उत्तर : वासरू गमावल्याचे दुःख आणि घरातल्या मुलांची काळजी, दोन्ही आम्ही समजू शकतो. मात्र हा बिबट्या बहुधा वाट चुकलेला नाही. ऊसतोडीच्या वेळी फडात बछडी सापडली, की वन विभागाचे लोक संध्याकाळी ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात. अंधार पडल्यावर मादी येते आणि एकेक पिल्लू मानगुटीला धरून उचलून नेते. तिच्या लेखी तो फड हेच घर असते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात, जिथे दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात तिथे, १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता.

दूर सोडण्याचा उपाय आपल्याच तालुक्यात करून झाला आहे. २००१ पासून जुन्नर वन विभागात बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून अन्यत्र सोडले गेले, आणि माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. परक्या मुलखात सोडलेले जनावर बिथरते, परतीची वाट धरते, आणि इकडे रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा बिबट्या येतो. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ या नराला गळ्यात माग कळवणारी कॉलर बांधून माळशेज घाटात सोडले, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत इतकी गावे लागूनही त्याने कोणा माणसावर हल्ला केला नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याला जेरबंद करावेच लागते. त्याबद्दल दुमत नाही. आपल्या बाबतीत मात्र गोठा चारही बाजूंनी आणि वरूनही मजबूत जाळीने बंद करणे, हा पिंजऱ्यापेक्षा खात्रीचा उपाय आहे. तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटे बाहेर सोडू नये आणि उसाच्या कडेला वाकून किंवा बसून राहू नये, कारण बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसू शकतो. पुन्हा असे घडल्यास मेलेले जनावर जागचे न हलवता वनरक्षकाला लगेच कळवावे. पंचनामा झाल्यावरच नुकसानभरपाईचा अर्ज पुढे जातो.