टाकीत साथ शिरली तर : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : आमच्याकडं तीन फुटी टाकी आहे (तीन बाय सव्वा बाय दीड). एंजल, गुरामी, मोली धरून चौदा मासे. मागच्या रविवारी चार मोली नव्या आणून सोडल्या आन् बुधवारपासून मासे एकामागं एक मरायलेत. तोंडावर कापसासारखं पांढरं दिसायलंय, एका एंजलच्या पाठीवर राखाडी पट्टा आलाय. दुकानदार म्हणाला बुरशी आहे, हीटर ३० वर लावा आणि निळं औषध टाका. तसं केलं तर जास्तच मरायलेत. काय करावं? – वाचक, परभणी

उत्तर : आधी हीटरचा प्लग काढा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय ती बुरशी वाटत नाही. खरी बुरशी सहसा जखमेवर येते, तिचे तंतू मोकळे, लोकरीसारखे असतात आणि ती सावकाश पसरते. तीन दिवसांत तोंडाला कापूस, पाठीवर खोगीर ठेवल्यासारखा राखाडी-पिवळट पट्टा, कल्ल्यांच्या कडा सडलेल्या आणि रोज एक-दोन मासे गेलेले, ही लक्षणं कॉलम्नॅरिसची आहेत. हा जिवाणूंचा रोग. पाणी जितकं गरम, तितका तो जोरात. परभणीत मे महिन्यात टाकीचं पाणी तसंही ३१-३२ अंशांवर असतं. त्यात पाणी तापवा हा सल्ला म्हणजे पेटलेल्या कडब्यावर रॉकेल. हीटरचा उपाय पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा आहे, आणि तो आपल्याकडं बहुतेक थंडीत येतो. दोन्ही रोगांत 'पांढरं' दिसतं, म्हणून ही गल्लत होते. ठिपके रव्याच्या कणांसारखे सुटे, उठावदार असतात. कॉलम्नॅरिस चट्ट्याचट्ट्यानं येतो.

आजच्या आज करायचं ते असं. मेलेले मासे काढा. ज्यांचं तोंड किंवा पाठ बिघडली आहे ते वेगळ्या टबात घ्या. टबासाठी जाळी आणि पाण्याचा मग वेगळे ठेवा. टाकीचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा टेबलफॅन लावा. आपली हवा कोरडी, त्यामुळं बाष्पीभवनानं पाणी २ ते ४ अंशांनी सहज उतरतं. उडालेलं पाणी रोज भरावं लागेल. ते भरताना बोअरचं जड पाणी वापरत राहिलात तर क्षार साठत जातात, एवढं ध्यानात असू द्या. एअर पंप चालू हवाच. २५ अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५. आणि कल्ले सडलेल्या माशाला आहे तोही नीट घेता येत नाही.

मग मीठ. त्यासाठी टाकीत खरं पाणी किती ते काढा. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे तुमची टाकी १५९ लिटरची. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता १३० लिटर धरा. लिटरला दीड ग्रॅम या मापानं सुमारे २०० ग्रॅम खडे मीठ. ते मगात विरघळवून तीन हप्त्यांत, २४ तासांत घाला. खडे थेट तळाला टाकू नका, तळाशी बसलेले मासे भाजतात. तुमच्या मोली आणि गुरामींना हे मीठ सोसतं. रोज ३० टक्के पाणी बदला आणि जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ परत घाला (४० लिटरला ६० ग्रॅम). पुष्कळ जण इथं सगळं मीठ नव्यानं टाकतात आणि चौथ्या दिवशी टाकीचा समुद्र होतो.

आता 'निळं औषध', म्हणजे मेथिलीन ब्ल्यू. कॉलम्नॅरिसच्या चढत्या साथीत त्याचा भरवसा नाही, पण फिल्टरमधले उपयोगी जिवाणू ते नक्की मारतं. परिणामी तीन-चार दिवसांत अमोनिया चढतो आणि रोगातून वाचलेले मासे त्यानं जातात. हे औषध वापरायचंच तर टबात वापरा.

प्रतिजैविकाबद्दल सांभाळून. बाजारात टेट्रासायक्लिन गटातल्या गोळ्या 'पाण्यात टाका' म्हणून देतात. आपलं बोअरचं पाणी काळ्या खडकातलं, कॅल्शियम-मॅग्नेशियमनं भरलेलं. टेट्रासायक्लिन या क्षारांना चिकटून निकामी होतं. पाणी पिवळं होतं, मासा तसाच राहतो. हे औषध खाद्यातून द्यायचं असतं. ऑक्सिटेट्रासायक्लिनचं प्रमाण माशांच्या १ किलो वजनाला रोज ७५ मिलिग्रॅम, सलग १० दिवस. घरगुती हिशेबात, २५० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल ३० ग्रॅम खाद्याला, थोड्या जिलेटिनच्या पाण्यात कालवून, सावलीत वाळवून फ्रिजमध्ये ठेवा. सगळे मिळून १०० ग्रॅम वजन भरणाऱ्या माशांना या खाद्यातलं दिवसाला १ ग्रॅम. पशुवैद्यकाला विचारून आणि त्यांच्या चिठ्ठीवरच घ्या, आणि बरं दिसलं म्हणून चौथ्या दिवशी सोडू नका.

जो मासा खातच नाही त्याला खाद्यातलं औषध पोचणार नाही. त्याच्यासाठी टबात पोटॅशियम परमँगनेट, लिटरला २ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ४ तास. एवढं वजन घरच्या काट्यावर येत नाही, म्हणून १ ग्रॅम १ लिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं १०० मिलिलिटर ५० लिटरच्या टबाला वापरा. मासा लोळायला लागला तर लगेच साध्या पाण्यात काढा. पीएच साडेआठच्या वर असेल तर हा उपाय नको. तपकिरी साका कल्ल्यांवर बसतो.

आणि त्या चार मोली. नवे मासे २५-३० लिटरच्या साध्या टबात, स्पंज फिल्टर लावून, तीन ते चार आठवडे वेगळे ठेवायचे असतात. टब आणि स्पंज फिल्टरचा खर्च चौदा माशांपेक्षा कमीच येतो.

प्रश्न : टँकरचं पाणी आलं म्हणून निम्मी टाकी बदलली. तासाभरात सगळे मासे वर येऊन तोंड उघडायला लागले, संध्याकाळपर्यंत अकरातले आठ गेले. कुठला रोग? – वाचक, लातूर

उत्तर : रोग नव्हे. एक खूण पक्की धरा : सगळ्या जातींचे मासे एकाच वेळी आडवे झाले तर दोष पाण्यात शोधा, एकेक करून, दिवसागणिक जायला लागले तर रोग शोधा. औषधाच्या दुकानात जाण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारला तर निम्मी औषधं लागतच नाहीत.

तुमच्या बाबतीत पहिला संशय क्लोरिनवर. टँकरमध्ये ब्लीचिंग पावडर अंदाजानं पडते, कधी मूठभर, कधी ओंजळभर. ग्रामपंचायतीचे पाणीवाले ओटी टेस्ट करतात तेच थेंब घरी ठेवा. पाणी पिवळं झालं तर क्लोरिन आहे. उतारा सोडियम थायोसल्फेट. क्लोरिनच्या सातपट वजनाचं थायोसल्फेट लागतं, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरिन असेल तर ५० लिटरला पाऊण ग्रॅम. सोयीसाठी १ ग्रॅम धरा, त्यानं नुकसान नाही. घाई नसेल तर उघड्या ड्रममध्ये बबल सोडून २४ तास ठेवा आणि पुन्हा ओटी करून बघा.

दुसरा संशय पीएचवर, आणि हा जास्त फसवा. लातूरला पाणी कधी मांजरा धरणाचं, कधी बोअरचं, कधी टँकरचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर ते मिरजेहून रेल्वेनं आलं. तेव्हा 'आमचं पाणी' असं एक पाणी तिथं नाहीच; दर खेपेला मोजावं लागतं. टाकीत अमोनिया आधीच थोडा असेल आणि वरून पीएच चढवणारं पाणी आलं, तर तोच अमोनिया विषारी होतो. पीएच ७ आणि २५ अंशांना एकूण अमोनियातला हजारात सहा भागच विषारी रूपात असतो, पीएच ८.२ आणि ३० अंशांना शंभरात अकरा. जवळजवळ वीसपट. अमोनिया मोजायच्या किटवर अर्धा मिलिग्रॅम दिसला तर चेन्नईच्या एखाद्या व्हिडिओतला माणूस म्हणतो काही होत नाही. त्याच्या पाण्यात नसेलही होत.

यापुढं एका वेळी २० ते २५ टक्केच बदला, आणि नवं पाणी बारीक नळीनं अर्ध्या तासात सोडा. वाचलेल्या तीन माशांना औषध नको. दोन दिवस खाद्य बंद आणि हवा भरपूर.

प्रश्न : मागच्या थंडीत पांढऱ्या ठिपक्यांनी सगळे टेट्रा गेले. उरले दोन क्लाउन लोच. औषध दिलं, ठिपके गेले, आठ दिवसांनी पुन्हा आले. यंदा काय करू? – वाचक, बीड

उत्तर : औषध दिल्यावर ठिपके गेले असं तुम्हाला वाटलं. खरं तर ते पिकून गळाले. माशाच्या कातडीखाली असलेल्या परजीवीला कुठलंच पाण्यातलं औषध पोचत नाही. तो पिकला की खाली वाळूत पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्लं होतात. ती बाहेर पडून मासा शोधायला पोहतात तेव्हाच औषध किंवा मीठ त्यांना मारतं. मासा सापडला नाही तर ती दोनेक दिवसांत आपोआप मरतात. २५ अंशांना हे चक्र आठवडाभराचं, ३० अंशांना तीन-चार दिवसांचं, आणि पाणी १८-२० वर असेल तर ते फारच लांबतं. तुम्ही चार दिवसांत औषध थांबवलं, तेव्हा पुढची पिढी वाळूत झोपलेली होती.

म्हणून थंडीत हीटर. लिटरला १ वॉट या हिशेबानं, आणि थर्मामीटर वेगळा. हीटरवरचे आकडे खोटं बोलतात. तापमान तासाला एकाहून जास्त अंश चढवू नका, दिवसात ३-४ अंश पुरे. ३० वर पोचल्यावर निदान १० दिवस आणि शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावर आणखी ३ दिवस तिथंच ठेवा. रोज वाळूतला गाळ नळीनं ओढून घ्या, कवचातली अंडीपिल्लं तिथंच असतात. लोचला खवले बारीक, औषध त्यांना लवकर लागतं : मीठ लिटरला १ ग्रॅमच्या वर नको आणि मॅलाकाइट ग्रीनचं औषध अर्ध्या मात्रेत. औषध चालू असताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तो औषधच शोषतो. मॅलाकाइट ग्रीन हाताळताना हातमोजे घाला, आणि खायच्या माशांच्या आसपास ते अजिबात नेऊ नका.

डिसेंबरात बीडला रात्र नि दुपार यांत बराच फरक पडतो. टाकी खिडकीजवळ असेल तर आधी ती हलवा.

प्रश्न : गल्लीत डेंग्यूची धुरळणी झाली आणि रात्रीतून गप्पी सोडून सगळे मेले. योगायोग? – वाचक, नांदेड

उत्तर : योगायोग वाटत नाही. डासांच्या धुरातली आणि फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अतिशय विषारी. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. धुरळणीची गाडी ऐकू आली की दारं-खिडक्या लावा, टाकीवर ओली चादर टाका, पंप तासभर बंद ठेवून फिल्टरच्या पाण्याची धार वरून पडू द्या. लक्षणं दिसलीच तर निम्मं पाणी बदलून नवा कोळसा लावा. शेतात फवारणी करून आलेल्या हातानं टाकीत हात घालू नये, हेही त्याच खात्यात.

प्रश्न : लाइट सात तास गेली होती. आल्यावर फिल्टर सुरू झाला आणि दोन तासांत मासे तडफडायला लागले. – वाचक, हिंगोली

उत्तर : बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी थांबलं की आतले जिवाणू प्राणवायू संपवतात आणि मग मरतात, आणि ते कुजकं पाणी लाइट आल्याबरोबर टाकीत येतं. तीन-चार तासांहून जास्त लाइट गेली तर फिल्टरचा प्लग आधीच काढा; आल्यावर डबा उघडून स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून घ्या, मग सुरू करा. नळाखाली धुऊ नका. बॅटरीवरचा एअर पंप आणि एक स्पंज फिल्टर सोबतीला ठेवलात तर लोडशेडिंग निभावतं. त्या दिवशी खाद्य देऊ नका.

प्रश्न : साथ ओसरली. टाकी धुऊन नव्यानं सुरू करायची आहे. उरलेले दोन सकर (काच चाटणारे मासे) विहिरीत सोडले तर चालेल का? मेलेले मासे तपासून कुठं मिळतील? – वाचक, जालना

उत्तर : विहिरीत नको, नदीत तर नकोच. सकर आपल्या पाण्यातला नाही. तो तिथं तग धरतो आणि रोगही सोबत नेतो. मेलेले मासे हातभर खोल पुरा.

तपासणीसाठी मेलेला मासा फारसा कामाचा नाही, उन्हाळ्यात तो दोन-तीन तासांत कुजतो. आजारी पण जिवंत मासा पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा असा न्यावा, आणि टाकीचं पाणी वेगळ्या बाटलीत. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आणि पशुवैद्यक महाविद्यालय आहे, परभणीलाही पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आधी फोन करून विचारा.

टाकी धुताना : लिटरला १० मिलिलिटर घरगुती ब्लीच, अर्धा तास, मग भरपूर पाणी, थायोसल्फेट, आणि दोन दिवस कडक ऊन. ते ऊन तर जालन्यात फुकट आहे. स्पंज आणि जाळ्या नव्याच घ्या. मासे खंगून, पाठ वाकून, जखमा होऊन महिनोन्महिने मरत असतील तर मात्र माशांच्या क्षयाचा संशय घ्या. त्या जिवाणूंवर ब्लीचचा भरवसा धरू नका. काच ७० टक्के स्पिरिटनं पुसा. ते जिवाणू माणसाच्या हातावरच्या चिरेतूनही शिरतात, आणि गाठ आठवड्यांनी उठते. बोटाला खरचटलं असेल तर त्या टाकीत हातमोज्याशिवाय हात घालू नका, आणि गाठ आलीच तर डॉक्टरांना घरी माशांची टाकी आहे हे आवर्जून सांगा.