संगणक-शंका: एकाच घरात दोन संगणक, तरी फाइल पोचत नाही

या वेळी एकाच विषयावरची पत्रे एकत्र घेतली आहेत: घरातल्या एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर उघडणे. बहुतेकांनी अडचण येताच फायरवॉल बंद केली, ‘एव्हरीवन’ला पूर्ण मुभा दिली, पासवर्ड काढून टाकला, आणि हे सगळे एका दमात. मग काय सुधारले आणि काय बिघडले, हेच कळेनासे होते. फाइल पोचायला चार गोष्टी लागतात: रस्ता, दार, किल्ली आणि आतल्या खोलीत शिरायची परवानगी. गाडे नेमके कुठे अडले ते आधी शोधायचे आणि तेवढ्याच जागी हात घालायचा.

सगळ्या उत्तरांत, फाइली असलेला संगणक घरच्या नेटवर्कवर १९२.१६८.१.२० या पत्त्यावर (आयपी अॅड्रेसवर) आहे असे धरले आहे. पत्ते आणि कमांड टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरे व आकडे वापरावेत.

प्रश्न (फोंडा): जुने चिऱ्यांचे घर आहे. इंटरनेटचा डबा खालच्या मजल्यावर. वर सिग्नल पोचत नाही म्हणून दुसरा राउटर घेतला आणि केबलने जोडला. इंटरनेट दोन्हीकडे व्यवस्थित चालते. पण वरचा लॅपटॉप आणि खालचा संगणक एकमेकांना ‘नेटवर्क’मध्ये दिसत नाहीत. दोन्हीवर विंडोज ११ आहे.

उत्तर: ‘नेटवर्क’मधली यादी हा नुसता हजेरीपट आहे. नाव नसले म्हणून माणूस घरात नाही असे नव्हे. तेव्हा यादी सोडा आणि थेट पत्त्यावर जा. फाइली असलेल्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ चालवा, ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ टिपून घ्या. दुसऱ्या संगणकावर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत \\१९२.१६८.१.२० असे लिहून एंटर दाबा. फोल्डर उघडले किंवा पासवर्ड विचारला, तर रस्ता आणि दार दोन्ही ठीक आहेत. मग नुसती यादी दुरुस्त करायची: फाइली असलेल्या संगणकावर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा ‘ऑटोमॅटिक’ करून सुरू करा. किंवा यादीचा नाद सोडून त्या पत्त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा. आम्ही तेच करू.

तुमच्या घरात मात्र खोट रस्त्यातच असावी. दोन्ही संगणकांवर ‘आयपीकॉन्फिग’ करून पत्ते शेजारी शेजारी लिहा. खाली १९२.१६८.१.२० आणि वर १९२.१६८.०.१०५ असे काही निघाले, म्हणजे तिसरा आकडा वेगळा असला, तर घरात दोन वेगळी नेटवर्क झाली आहेत. वरच्या राउटरच्या ‘वॅन’ (बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या) भोकात केबल घातली की तो स्वतःचा वेगळा संसार थाटतो. अशा जोडणीची एक खूण आहे: वरून खालच्या संगणकाचा पत्ता टाकला तर तो उघडतो, खालून वरचा मात्र कधीच नाही.

उपाय सोपा आहे. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ (यात राउटर वेगळे नेटवर्क करत नाही) असेल तर तो निवडा, काम संपले. नसेल तर क्रम पाळा. आधी त्या राउटरचा स्वतःचा लॅन (घरातल्या नेटवर्कवरचा) पत्ता १९२.१६८.१.२ करा (हा पत्ता दुसऱ्या कुणाकडे नाही ना, ते पाहा), मग त्यातले डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि शेवटी केबल ‘वॅन’मधून काढून ‘लॅन’च्या भोकात घाला. केबल आधी हलवली तर एका घरात पत्ते वाटणारे दोघे होतात, आणि कुठल्या संगणकाला कुणाचा पत्ता मिळेल याचा नेम राहत नाही.

रस्ता एक झाल्यावर दार पाहू. पॉवरशेल उघडून ‘टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.२० -पोर्ट ४४५’ चालवा. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आले तर दार उघडे आहे, कारण विंडोजचे फाइल शेअरिंग पोर्ट ४४५ वरून चालते. नुसत्या पिंगवर, म्हणजे साद घालून उत्तर येते का पाहण्यावर, विसंबू नका. फायरवॉल पिंग अडवते, त्यामुळे संगणक जागेवर असूनही उत्तर येत नाही. ‘फॉल्स’ आले तर फाइली असलेल्या संगणकावर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फायची किंवा इथरनेटची प्रॉपर्टीज उघडा. तिथे प्रोफाइल ‘पब्लिक’ असते, ते ‘प्रायव्हेट’ करा. विंडोज ११ नव्या नेटवर्कला आपणहून पब्लिकच धरते, म्हणून राउटर बदलल्यावर चालते शेअरिंग बंद पडते. मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये प्रायव्हेटखालची ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ही दोन्ही बटणे चालू करा. एवढे करूनही ‘फॉल्स’च येत असेल तर वेगळा घातलेला अँटिव्हायरस पाहा. अशा बऱ्याच पॅकेजांची स्वतःची फायरवॉल असते आणि तिला विंडोजचे सेटिंग बदललेले कळत नाही. घरचे नेटवर्क तिच्यातही ‘विश्वासू’ करावे लागते.

प्रश्न (डिचोली): भजनी मंडळाच्या ध्वनिमुद्रणांचा फोल्डर शेअर केला आहे. दुसऱ्या लॅपटॉपवरून उघडताना नाव आणि पासवर्ड मागतो. रोजचा पिन टाकला तर चूक म्हणतो. पासवर्डची अट काढून टाकली तरी उघडत नाही.

उत्तर: पिन हा त्या एका यंत्रापुरताच असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. बोटाच्या ठशाचेही तेच. खाते मायक्रोसॉफ्टचे असेल तर नावाच्या जागी पूर्ण ईमेल आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. वर्षानुवर्षे पिनवरच आत जाणाऱ्या माणसाला तो आठवत नाही, आणि आठवला तरी त्या संगणकावर तो एकदाही टाकलेला नसेल तर नकार येतो. रिकामा पासवर्डही चालत नाही: पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज फक्त समोर बसूनच आत येऊ देते.

पासवर्डची अट काढण्याचा सल्ला जुना झाला. विंडोज ११ प्रो २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज पाहुणा म्हणून, म्हणजे ओळख न देता, जोडणी करू देत नाही. ती पळवाट पुन्हा उघडण्यात वेळ घालवण्यापेक्षा वेगळी किल्लीच करून घ्या. फाइली असलेल्या संगणकावर सेटिंग्ज, अकाउंट्स, ‘अदर यूजर्स’, ‘अ‍ॅड अकाउंट’ असे जा. ईमेल मागेल तिथे ‘या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही’ अशा अर्थाचा दुवा असतो, त्यानंतर ‘मायक्रोसॉफ्ट खात्याविना’ हा पर्याय येतो. ‘भजन’ नावाचे साधे खाते करा (नाव इंग्रजी अक्षरांत), त्याला धड पासवर्ड द्या. या खात्याने कुणी संगणकावर बसायचे नाही, ते फक्त फोल्डरसाठी.

आता फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ‘शेअरिंग’. तिथे दोन बटणे आहेत आणि बरीच गफलत तिथेच होते. साधे ‘शेअर’ बटण नेटवर्कची परवानगी आणि डिस्कवरची परवानगी एकदम देते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’ फक्त नेटवर्कची देते, तीही ‘एव्हरीवन’ला नुसती वाचायची. दोन परवानग्यांपैकी जी कडक तीच लागू होते. फाइल उघडते पण जतन होत नाही, या तक्रारीचे मूळ बहुधा इथे असते. साधे ‘शेअर’ दाबून ‘भजन’ला ‘रीड/राइट’ द्या.

दुसऱ्या लॅपटॉपवर नाव लिहिताना आधी संगणकाचे नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग ‘भजन’ असे लिहा आणि लक्षात ठेवायची खूण करा. पूर्वीच्या चुकलेल्या प्रयत्नातला पासवर्ड साठवलेला असेल तर कंट्रोल पॅनेलच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून ती नोंद काढावी लागेल. ‘एकाच संगणकाशी दोन नावांनी जोडणी करता येत नाही’ असा १२१९ क्रमांकाचा संदेश आला तर साइन आउट करून परत या.

एक खोड राहतेच: पुढे काही गाणी उघडतील आणि काही उघडणार नाहीत. त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमधून ‘कट’ करून आणलेली फाइल आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन येते. ‘कॉपी’ केलेली नव्या फोल्डरच्या घेते. म्हणून शेअर केलेल्या फोल्डरमध्ये फाइल कॉपी करा, नंतर मूळ पुसा.

प्रश्न (म्हापसा): मुलांसाठी दोन सारखे संगणक जुळवून घेतले. वर्षभर शेअरिंग उत्तम चालले. अपडेटनंतर पासवर्ड बरोबर असूनही नाकारतो. वर सांगितल्यासारखे नवे खातेही करून पाहिले.

उत्तर: ‘सारखे’ या शब्दाने कान टवकारले. एका यंत्रावर विंडोज घालून त्याच डिस्कची प्रत दुसऱ्यात बसवली, तर दोघांचा अंतर्गत ओळखक्रमांक, म्हणजे ‘सिड’, एकच होतो. पूर्वी हे खपून जात असे. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटांनी विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्यांत ही तपासणी कडक केली. सिड सारखा असलेल्या दोन यंत्रांमधली ओळखपरेड आता फेटाळली जाते.

खात्री करायला दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘हूअ‍ॅमआय /यूजर’ चालवा. एस-१-५-२१ ने सुरू होणारी आकड्यांची लांब माळ येते. शेवटचा गट सोडून बाकी माळ दोन्हीकडे तीच असेल तर रोग सापडला. ‘इव्हेंट व्ह्यूअर’च्या सिस्टीम नोंदीत ६१६७ क्रमांकही दिसतो. यावर सेटिंगमधला उपाय नाही. एका संगणकावरचा डेटा बाहेर काढून त्यावर विंडोज नव्याने घाला. कोऱ्या इन्स्टॉलेशनला स्वतःचा सिड मिळतो. नुसते संगणकाचे नाव बदलून भागणार नाही. प्रतीवरून यंत्रे तयार करायचीच असतील तर प्रत काढण्याआधी ‘सिसप्रेप’ हे साधन ‘जनरलाइझ’ पर्यायासह चालवायचे असते. ते काम जुळवणी करणाऱ्याचे होते, त्यामुळे दुरुस्ती त्याच्याकडूनच मागा.

प्रश्न (पेडणे): घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती संगणकावर एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आहेत. पाहुण्यांना वाय-फाय तेच दिले आहे. धोका आहे का?

उत्तर: आहे. आजच राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करून पाहुण्यांना वेगळे नाव आणि पासवर्ड द्या, आणि घरच्या वाय-फायचा जुना पासवर्ड बदला. तो आतापर्यंत बऱ्याच फोनांत जाऊन बसला आहे. गेस्टमधून घरच्या नेटवर्कला जायची मुभा देणारा पर्याय असेल तर तो बंद हवा.

मग खात्री करा. लॅपटॉप गेस्टवर जोडून घरच्या संगणकाचा पत्ता टाका; उघडता कामा नये. फोंड्याच्या उत्तरातला अ‍ॅक्सेस पॉइंट मोड इथे आडवा येऊ शकतो. त्या मोडमधल्या बऱ्याच राउटरांचे गेस्ट नेटवर्क नावापुरतेच वेगळे असते, आत सगळे एकाच केबलवर. चाचणीत पत्ता उघडला तर गेस्ट नेटवर्क इंटरनेटच्या मुख्य डब्यावरूनच द्या.

प्रश्न (वाळपई): दोन्ही संगणक केबलने जोडलेले. जत्रेचे फोटो आणि व्हिडिओ मिळून ४० जीबी नेताना पूर्वी मिनिटांत काम होई, पावसाळ्यानंतर तास लागतो.

उत्तर: आकडाच निदान सांगतो. गिगाबिट (सेकंदाला हजार मेगाबिटच्या) जोडणीवर मोठ्या फाइली सेकंदाला साधारण ११० एमबीने जातात, म्हणजे ४० जीबीला सहा-सात मिनिटे. १०० मेगाबिटवर वेग ११-१२ एमबी, म्हणजे जवळजवळ तास. तुमची जोडणी हजारावरून शंभरावर उतरली आहे. इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लिंक स्पीड’ पाहा, १००/१०० दिसेल.

केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, १०० मेगाबिटला फक्त १, २, ३ आणि ६ या चार. उरलेल्यांपैकी एक जरी सुटली तरी जोडणी तुटत नाही, मुकाट्याने शंभरावर येते. आपल्याकडच्या दमट हवेत खिडकीजवळच्या प्लगचे पितळी दात हिरवट-काळे पडलेले दिसतात. घासत बसू नका. दोन्ही टोके कापून नवे प्लग क्रिंप करा, म्हणजे खास चिमट्याने दाबून बसवा. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. केबल घेताना तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त तार वाकवताना लवकर तुटते.

नवे प्लग लावूनही शंभरच राहिले तर भोक बदलून पाहा. इंटरनेटच्या काही डब्यांवर एकच लॅन भोक गिगाबिट असते, बाकीची १०० ची. तसे असेल तर पाच भोकांचा गिगाबिट स्विच आणून दोन्ही संगणक त्यावर घ्या. गडगडाट सुरू झाला की विजेच्या प्लगबरोबर ही केबलही काढून ठेवा, विशेषतः ती अंगणातून जात असेल तर.

प्रश्न (साखळी): वीज जाऊन आली की ‘झेड’ ड्राइव्हवर लाल फुली येते.

उत्तर: राउटर पुन्हा सुरू झाल्यावर संगणकाला वेगळा पत्ता मिळाला आणि ड्राइव्ह जुन्याच पत्त्यावर वाट पाहतो आहे. राउटरच्या डीएचसीपी पानावर ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असते. संगणकाचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) तिथे घालून १९२.१६८.१.२० कायम त्याच्या नावे करा. क्लिक केल्यावर फुली आपोआप जात असेल तर पत्ता बरोबरच आहे. वाय-फाय जोडले जाण्याआधी विंडोजने ड्राइव्ह शोधला, इतकेच. तिकडे दुर्लक्ष करा.

प्रश्न (मडगाव): जुनी नेटवर्क हार्ड डिस्क नव्या लॅपटॉपवर उघडत नाही. ‘एसएमबी१ चालू करा’ असे सांगतात. करू का?

उत्तर: कायमचे नको. एसएमबी१ ही विंडोजची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले ते तिच्यातल्या छिद्रातूनच, आणि त्याच वर्षीच्या १७०९ आवृत्तीपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी१ येईनासे झाले. आधी डिस्कच्या सेटिंग पानावर एसएमबी२ किंवा नवे फर्मवेअर (डिस्कचे आतले सॉफ्टवेअर) मिळते का पाहा. नाहीच मिळाले तर ‘विंडोज फीचर्स’मध्ये एसएमबी १.० खालचे फक्त ‘क्लायंट’ चालू करा, ‘सर्व्हर’ला हात लावू नका. सगळा डेटा एकदाच बाहेर काढा, खूण काढून टाका, लॅपटॉप पुन्हा सुरू करा. मग ती डिस्क निवृत्त करा.

प्रश्न (पणजी): मॅकवरून विंडोजचा फोल्डर कसा उघडायचा?

उत्तर: फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबा, ‘एसएमबी://१९२.१६८.१.२०’ लिहा, विंडोजवरच्या खात्याचे नाव-पासवर्ड द्या. उलट दिशेने, मॅकवरचे विंडोजला हवे असेल तर सिस्टीम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंगमध्ये ‘फाइल शेअरिंग’ चालू करून त्याच्या ‘ऑप्शन्स’मध्ये विंडोजसाठी आपल्या खात्यासमोर वेगळी खूण करावी लागते. ती राहून गेली तर पासवर्ड कितीही बरोबर असला तरी दार उघडत नाही.