सहा आठवड्यांच्या समर स्कूलला जर्मनीला जातेय, पैसे वसूल कसे करू?

तू नागपुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, जूनमध्ये सहा आठवडे जर्मनीला चाललीस आणि विचारतेस की शनिवार-रविवारी पॅरिस, प्राग, ॲमस्टरडॅम, रोम कसं बसवायचं. मी तिथल्याच धरमपेठेतली, कॉलेजात असताना अशीच जाऊन आलेली. वयाने मोठी आहे म्हणून अगंतुगं करते, चालवून घे.

आधी ती यादी अर्धी कर. मधले शनिवार-रविवार पाचच मिळतात. ते रात्रीच्या बसमध्ये घालवले की सोमवारी वर्गात डुलक्या. रोम पुढे आईबाबांना घेऊनही बघता येईल. तुझ्या विषयाची प्रयोगशाळा आतून बघायची संधी मात्र कुठलीच टूर कंपनी देत नाही.

तिथे बऱ्याच प्राध्यापकांची विद्यार्थ्यांना भेटायची ठरावीक वेळ असते. पहिल्याच आठवड्यात मेल टाकून ती माग, शेवटच्या आठवड्यात मागून काही होत नाही. आणि जाताना ‘सर, गाइडन्स द्या’ असं मोघम नको. आपल्याकडचा एखादा प्रश्न घेऊन जा. मेमध्ये इथे पारा ४५ वर जातो, तेव्हा छतावरच्या सोलर पॅनेलचं काय होतं? ऊन जास्त म्हणजे वीज जास्त असं लोकांना वाटतं, पण पॅनेल तापलं की अंशागणिक उत्पादन घटत जातं. ज्याने असला उन्हाळा कधी अनुभवला नाही तो माणूस यावर अर्धा तास सहज बोलेल. कदाचित एखाद्या पीएचडीवाल्याची गाठही घालून देईल, आणि पुढे ओळखी काढायला, शिफारसपत्रांसाठी अशीच माणसं उपयोगी पडतात.

वेळापत्रकात ‘१० सी. टी.’ दिसलं तर तास सव्वादहाला सुरू होतो. ‘एस. टी.’ म्हणजे अगदी ठोक्याला (हो, एस. टी.!). तास संपला की मुलं बाकावर बोटांनी टकटक करतात, ती त्यांची दाद. घाबरू नकोस.

खरी शाळा हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात भरते. आपले पोट्टे-पोट्टी तिथेही घोळका करून बसतात. त्यांच्यात महिनाभर रमलीस तर सिव्हिल लाइन्समध्येच राहिल्यासारखं होईल. पोहे आणि तर्रीचा मसाला ने, एका संध्याकाळी सगळ्या मजल्याला खाऊ घाल. तूप मात्र घेऊ नकोस, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. आईला आत्ताच सांगून ठेव, ती ऐनवेळी बरणी कोंबणार.

आणि घरचा फोन! उन्हाळ्यात तिथलं घड्याळ साडेतीन तास मागे असतं. आपल्याकडे साडेनऊला जेवणं आटोपली की घरचे फोन घेऊन बसतात, तेव्हा तिथे संध्याकाळचे सहा. लख्ख ऊन, सगळे नदीकाठी निघालेले, आणि तू खोलीत ‘जेवलीस का’ला उत्तरं देत बसलेली. फोन तिथल्या साडेबाराला लाव, इथे चारचा चहा चालू असतो.

फिरायचंच आहे तर जवळपास फिर. देशभराचं मासिक तिकीट २०२६ पासून ६३ युरोला आहे. लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, लांब पल्ल्याच्या वेगवान आयसीई गाड्यांना नाही. ते सबस्क्रिप्शन असतं, महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाहीस तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. रविवारी दुकानं बंद असतात, किराणा शनिवारीच भर.

शेवटचं काम कागदांचं. तिथले क्रेडिट इथे धरणार का, हे जायच्या आधी विभागप्रमुखांकडून लेखी घे. एक युरोपियन क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम. तिथून निघण्यापूर्वी सही-शिक्क्याची गुणपत्रिका कधी मिळेल ते विचार. आणि घरी आधीच समजावून ठेव की तिथे १.० सर्वांत चांगला ग्रेड आणि ५.० म्हणजे नापास, नाहीतर १.३ बघून आजोबा चिंतेत पडतील.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अजून केला नसेल तर हे उत्तर बाजूला ठेव आणि आधी अपॉइंटमेंट घे.