दुसरीच्या मुलांना नकाशा आणि प्रवास वर्गात कसा शिकवावा?

भिंतीवरचा जगाचा नकाशा आधी गुंडाळून ठेवा. सात वर्षांच्या पोराला तो रंगीत कागदच वाटतो. मी मुंबई ते पुणे रेल्वेने सुरुवात करते.

फरशीवर खडूने रूळ काढायचे. १० किलोमीटरला एक वीत, म्हणजे १९२ किलोमीटरला साधारण १९ विती. मुलंच मोजतात. ठाणे साडेतीन वितींवर, कल्याण साडेपाचवर, कर्जत दहावर, लोणावळा तेरावर. "बाई, माझी वीत लहान आहे!" अशी तक्रार येतेच. येऊ द्या. सगळ्यांनी एकच माप का वापरायचं, हे तिथेच कळतं.

खरी मजा कर्जतला. पुढे बोरघाट, चढ ३७ मीटरला १ मीटर. म्हणून बऱ्याच गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. तीन मुलं इंजिन होऊन रांगेच्या शेवटी उभी राहतात. (हळू ढकला म्हणून आधीच दम द्या.) लोणावळ्याला सगळे बाकावर चढतात, कारण आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर आलोय.

तिकीट तपासनीस मात्र रोज बदला, नाहीतर भांडणं ठरलेली. तुमच्या गावाहून दुसरा मार्ग असेल तर तोच घ्या.