कठिन चीवरदान (बौद्ध भिक्खूसंघाला चीवराचं, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्राचं, कापड देणं) वर्षावासात कधीही केलं तर चालतं का?

नाही. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एकाच ठिकाणचा मुक्काम, आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि तीन महिन्यांनी, अश्विन पौर्णिमेला पवारणेने (भिक्खू एकमेकांना आपल्या चुका दाखवायला सांगतात त्या विधीने) संपतो. कठिनाची मुदत त्यानंतर कार्तिक पौर्णिमेपर्यंत, म्हणजे जेमतेम एक महिना. एका विहारात वर्षातून एकदाच, त्यामुळे तारीख आधी विहारातल्या भन्तेजींना (भिक्खूंना) विचारून पक्की करा.

सगळ्यात जास्त चूक इथे होते: कापड एखाद्या ओळखीच्या भन्तेंच्या हातात दिलं जातं. तसं दिलं तर ते साधं चीवरदान ठरतं, कठिन नाही. कठिनाचं कापड संघाला अर्पण करायचं. ते कोणाला द्यायचं हे संघ ठरवतो. त्यासाठी किमान पाच भिक्खू लागतात, चार देणारे आणि एक घेणारा. भिक्खूंनी स्वतः कापड मागितलं किंवा तसं सुचवलं, तरी कठिन बाद.

कापड संघाटी (दुहेरी बाह्यवस्त्र), उत्तरासंग (अंगावरचं वस्त्र) किंवा अंतरवासक (कमरेचं वस्त्र) यांपैकी एका चीवराला पुरेल एवढं हवं. कोरं कापड दिलंत तर कापणं, शिवणं, रंगवणं, वाळवणं हे सगळं दुसऱ्या दिवसाची पहाट फुटण्याआधी उरकावं लागतं, म्हणून सकाळी लवकर द्या. (‘कठिन’ म्हणजे मुळात कापड ताणून शिवायची लाकडी चौकट.) तयार चीवरही चालतं, आणि हल्ली बहुतेक तेच देतात.

बाकी भोजनदान, औषधं, उपोसथाला (पौर्णिमा, अमावस्या अशा व्रताच्या दिवशी) अष्टशील (आठ शीलांचं पालन) हे मात्र तिन्ही महिने करता येतं.