एका जुन्या फ्रेंच पाणबुडीबद्दल वाचून तुम्ही विचारलंत: पाणबुडीत वाफेचं इंजिन? पाण्याखाली भट्टी कशी पेटायची?

पाण्याखाली पेटवतच नसत. तुम्ही म्हणता ती पाणबुडी बहुधा प्लुव्हिओज वर्गातली, म्हणजे त्या नावाच्या एकाच आराखड्यावर बांधलेल्या पाणबुड्यांपैकी, असावी. पाण्यावरून जाताना वाफ वापरायची आणि बुडी मारायची वेळ आली की भट्टी विझवून, धुराडं घट्ट बंद करून बॅटरीवर चालायचं. बॉयलरला तेलाचं इंधन होतं, त्यामुळे कोळसा ओढायची भानगड नव्हती.

मी साखर कारखान्याच्या बॉयलरवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून यातली खरी गोम सांगतो. भट्टी विझली म्हणून बॉयलर गार होत नाही. आम्ही निदान शेडबाहेर येऊन वारा तरी घ्यायचो. इथे ५१ मीटर लांबीचं लोखंडी नळकांडं, वरून झाकण बंद, आत पंचवीसेक माणसं आणि तापलेला बॉयलर! शिवाय हा सगळा बंदोबस्त होईपर्यंत बुडी खोळंबते. या पाणबुड्यांचा आराखडा करणाऱ्या माक्सिम लोबफ या अभियंत्याच्या आधीच्या ‘नार्व्हाल’ या पाणबुडीला बुडी मारायला सुरुवातीला वीसेक मिनिटं लागत.

मग वाफच का? तेव्हा डिझेल इंजिन नवखं होतं, सारखं रुसायचं. पेट्रोलची वाफ बंद जागेत साठली तर स्फोटाची भीती. वाफेचं इंजिन मात्र नौदलाच्या सवयीचं. त्या काळी मीही तेच निवडलं असतं.

१९०७ पासून अशा १८ पाणबुड्या पाण्यात उतरल्या. पहिल्या काहींना क्रांतीनंतरच्या फ्रेंच पंचांगातल्या महिन्यांची नावं दिली, प्लुव्हिओज म्हणजे पावसाचा महिना. मग शास्त्रज्ञांची आणि अभियंत्यांची. त्यात पापँ आणि वॅटही आहेत. आपल्या प्रेशर कुकरचा पूर्वज पापँनेच बनवला, म्हणजे नाव शोभून दिसतं! पुढच्या ब्रुमेर वर्गाचा सांगाडा जवळपास हाच होता, फक्त बॉयलरच्या जागी डिझेल आलं.

या वर्गाचे गाजलेले अपघात मात्र वाफेच्या माथी मारू नका. २६ मे १९१० रोजी कॅले बंदराजवळ ‘प्लुव्हिओज’ वर येत होती, तेवढ्यात प्रवासी बोटीची धडक बसली आणि आतले सगळे, २७ जण गेले. १९१२ मध्ये याच वर्गातल्या ‘व्हाँदेमियेर’ची टक्कर फ्रेंच नौदलाच्याच ‘सँ लुई’ या युद्धनौकेशी झाली. ‘व्हाँदेमियेर’ कायमची बुडाली. ‘प्लुव्हिओज’ला मात्र वर काढून, दुरुस्त करून पुन्हा कामाला लावलं.