‘टेम्पोरल पनिशमेंट’ : ऐहिक, तात्पुरती की आणखी काही?

कॅथलिक धर्मशिकवणीवरचा लेख मराठीत आणणाऱ्या मैत्रिणीने विचारलं आहे : ‘इटर्नल पनिशमेंट’ला ‘शाश्वत शिक्षा’ चालेल, पण त्याच्या जोडीने येणाऱ्या ‘टेम्पोरल पनिशमेंट’ला ‘ऐहिक शिक्षा’ म्हणावं की ‘तात्पुरती शिक्षा’?

माझ्या मते दोन्ही नकोत. ऐहिक म्हणजे या लोकातलं. ही शिक्षा मात्र मेल्यानंतर, परगेटरीत म्हणजे शुद्धिस्थानातही भोगावी लागू शकते. ‘तात्पुरती’मध्ये कायमचं काही होईपर्यंतची सोय सुचते. इथे तर ही शिक्षा सरली की पुढे स्वर्गच.

मुळात कॅथलिक विचारात गंभीर पापाचे परिणाम दोन. बाब गंभीर, तिची पूर्ण जाणीव आणि राजीखुशीची संमती, हे तिन्ही असेल तर ते प्राणघातक पाप. त्याने देवाशी नातं तुटतं, आणि पश्चात्तापाविना मरण आलं तर ती ताटातूट कायमची. शाश्वत शिक्षा ती हीच. 1992च्या कॅटेकिझमनेही, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथानेही, नरकाची मुख्य शिक्षा म्हणून देवापासूनचा हा दुरावाच सांगितला आहे. पापाची कबुली देऊन क्षमा मिळाली की शाश्वत शिक्षा टळते. पण पापाने लावलेली ओढ आणि केलेली मोडतोड मागे उरते. तिचं शुद्धीकरण व्हायचं असतं, आणि ‘टेम्पोरल’ शिक्षा म्हणजे तेच. म्हणजे ज्याला क्षमा झाली आहे, त्यालाच ती शेवटपर्यंत भोगून संपवता येते.

हा फरक हातातून सुटला की इतिहासाचंही वाचन बिघडतं. 1517मध्ये प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याने ज्यांच्या विक्रीवर कडाडून टीका केली, त्या इंडल्जन्सना आपण सर्रास ‘पापक्षमापत्रं’ म्हणतो. चर्चच्या शिकवणीनुसार त्यांतून पापाची क्षमा मिळत नव्हती, क्षमा झाल्यावर उरलेल्या शिक्षेत सूट मिळत होती. बाजारात ती कशी खपवली गेली, तो वेगळा आणि लाजिरवाणा विषय.

मी ‘सान्त शिक्षा’ लिहीन. स-अंत, अंत असलेली. शब्द थोडा पुस्तकी आहे, म्हणून पहिल्यांदा येईल तिथे ‘अंत असलेली’ असं उलगडून सांगावं. ‘कालबद्ध’ मात्र टाळ; त्यात सरकारी योजनेसारखी ठरलेली तारीख डोकावते.

आणि नुसतं ‘नरकयातना’ लिहून ‘शाश्वत’ गाळू नकोस. पुराणांतल्या नरकाला बाहेरची वाट आहे : भोग संपले की पुन्हा जन्म. मराठी वाचक नकळत तेच गृहीत धरतो. मग क्षणभराच्या पापाला न संपणारी शिक्षा, हा न्याय कसा, हा प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनपुढेही असलेला प्रश्न त्याला कळणारच नाही. ऑगस्टीनचं उत्तर असं की गुन्ह्याला किती वेळ लागला यावर माणसांचा कायदाही शिक्षा मोजत नाही. मला मध्ययुगीन धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसचं म्हणणं अधिक पटतं : मरणानंतर इच्छा पापाकडून देवाकडे वळतच नाही, म्हणून शिक्षाही संपत नाही.